शनिवार-रविवारच्या ओझ्यासाठी पिकअप घेताना

शहरात नोकरी किंवा दुकान, आणि गावाकडं दोन-चार एकर रान. सोलापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. आठवडाभर माणूस आसरा चौकात नाहीतर जुळे सोलापुरात, आणि शनिवारी दुपार झाली की मोहोळ, मंगळवेढा, बार्शी किंवा अक्कलकोटचा रस्ता. जाताना खताच्या गोण्या, ठिबकचे पाइप, सिमेंट. येताना कांदा, डाळिंबाचे क्रेट, ज्वारीची पोती. दर वेळी भाड्याची गाडी शोधायची, गाडीवाल्याच्या वेळेनं चालायचं, आणि एखाद्या रविवारी तो फोनच उचलत नाही. मग घरात विषय निघतो: आपलीच एक पिकअप घ्यावी का?

हा लेख अशा माणसासाठी आहे. बाजारात मिळणारा बहुतेक सल्ला रोज भाडं मारणाऱ्या गाडीचा असतो: मोठी घ्या, डिझेल घ्या, मायलेज बघा. तुमची गाडी आठवड्यातले पाच दिवस उभी राहणार आहे. उभ्या गाडीचा खर्च वेगळा, तिची दुखणी वेगळी. म्हणून निवडही वेगळी करायला हवी.

पायरी १: आधी माल किलोत मोजा

शोरूमला जाण्याआधी एक वही घ्या आणि मागच्या वर्षभरात काय-काय वाहिलं ते लिहून काढा. पोत्यांत आणि क्रेटात लिहू नका, किलोत लिहा. कांद्याची गोणी साधारण ५० किलोची, म्हणजे २० गोण्यांचा एक टन. सिमेंट आणि डीएपीची गोणी ५० किलो, युरियाची ४५ किलो. पाणी एका लिटरला एक किलो, त्यामुळे उन्हाळ्यात बागेला पाणी घालायला नेतो ती हजार लिटरची टाकी म्हणजे टाकीचं वजन सोडून एक टन. एक ब्रास वाळू शंभर घनफूट, वजन साधारण साडेचार टन. ती कुठल्याच पिकअपचं काम नाही, ट्रॅक्टर किंवा टिपर सांगा.

आता गाडीची क्षमता. आपल्याकडं सगळे ‘पासिंग’ म्हणतात ती. टाटा एस, म्हणजे छोटा हत्ती, आणि त्याच्या जोडीच्या गाड्या पाऊण टनाच्या आसपास. मारुती सुपर कॅरीची पेट्रोल गाडी ७४० किलोची, पण तीच सीएनजीत घेतली की ६२५ किलोवर येते, कारण सिलिंडरचं वजन मालातून कापलं जातं. टाटा इंट्रामध्ये व्ही १० एक टनाची, व्ही ३० एक टन तीनशेची, व्ही ५० दीड टनाची. अशोक लेलँड दोस्त सव्वा ते दीड टनात. महिंद्रा बोलेरो पिकअप १.३ टनापासून पुढं, मॅक्सच्या मोठ्या गाड्या दोन टनांपर्यंत.

छापील आकडा आणि हातात येणारी क्षमता यांत फरक पडतो. आरसीवर दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि मालासह एकूण. दोन्हींमधला फरक हीच तुमची क्षमता, आणि त्यात तुम्ही, शेजारी बसलेला भाऊ आणि मागं चढलेली हत्यारं सगळं येतं. दोन माणसांचे दीडशे किलो धरले तर पाऊण टनाच्या गाडीत सहाशेच उरतात, म्हणजे कांद्याच्या बारा गोण्या. आधीच्या मालकानं जाड पत्र्याचा हौदा बांधून वर लोखंडी पिंजरा चढवला असेल तर आणखी कमी. त्याच हिशेबानं छोट्या हत्तीवर भरलेली हजार लिटरची टाकी हा सरळ सरळ ओव्हरलोड आहे. अर्धी भरली तर पाणी आत डचमळतं आणि ब्रेक दाबला की गाडीला पुढं ढकलतं, ते आणखी धोक्याचं.

कडब्याचं उलटं आहे. वजन फार नसतं, पण जागा खातो. इथं लोक पेंढ्या दोन्ही बाजूंनी हौद्याबाहेर रचत नेतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माल बाजूनं, मागं किंवा मर्यादेपेक्षा उंच बाहेर आला तर २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वजन जास्त भरलं तरी २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जादा माल तिथंच उतरवायचा खर्च तुमचा. म्हणून तुमचं मुख्य काम कडबा असेल तर टनापेक्षा हौद्याची लांबी महत्त्वाची. टेप घेऊन जा आणि आतून मोजा.

वही पूर्ण झाली की वर्षातला सगळ्यात जड दिवस बाजूला ठेवा. कांदा काढणीच्या दोन दिवसांसाठी दोन टनांची गाडी घेऊन वर्षभर ती पोसण्यात काही हशील नाही. त्या दोन दिवसांना भाड्याचा टेम्पो सांगा. उरलेल्या शनिवार-रविवारी जे वजन नेहमी पडतं, त्याच्यावर वीस-पंचवीस टक्के मोकळी जागा धरा. ती तुमची गाडी.

पायरी २: घ्यायचीच का, हे आकड्यानं ठरवा

उभी गाडीही पैसे खाते. पिवळ्या पाटीच्या मालवाहू गाडीचा विमा घरच्या कारपेक्षा कितीतरी महाग असतो. साडेसात टनांपर्यंतच्या सार्वजनिक मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरपत्रकात १६,०४९ रुपये आहे, जीएसटी वेगळा. गाडी वर्षात दहा दिवस चालवा नाहीतर तीनशे दिवस, हप्ता तोच.

इथं एक गोष्ट एजंट सहसा आपणहून सांगत नाहीत. फक्त स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीसाठी विम्यात ‘खासगी मालवाहू’ असा वेगळा वर्ग आहे आणि त्याचा थर्ड पार्टी दर बराच कमी आहे. तुम्ही भाडं मारणार नसाल तर तो मागा. मात्र तो घेतला की शेजाऱ्याचा कांदा पैसे घेऊन मार्केट यार्डात नेणं बंद. अपघात झाला आणि गाडीत भाड्याचा माल निघाला, तर दावा अडकतो.

समजा, चार लाखांची जुनी पिकअप घेतली. वर्षाला चाळीस हजारांनी तिची किंमत घटली, विमा पंचवीस हजार, सर्व्हिसिंग, टायर-बॅटरीचा वाटा आणि फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा आरटीओचा दाखला) मिळून पंचवीस हजार. झाले नव्वद हजार. वर्षात तीस फेऱ्या झाल्या तर डिझेल टाकण्याआधीच एका फेरीचे तीन हजार पडले. हे आकडे माझे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही भरा, आणि तुमच्या गावापर्यंतच्या भाड्याशी ताडून बघा. वीस-पंचवीस किलोमीटरवर शेत असेल आणि महिन्यात एकच फेरी होत असेल, तर भाड्याची गाडी स्वस्त पडेल. दर आठवड्याला जाणं असेल, किंवा दोन भाऊ मिळून गाडी वापरणार असतील, तर चित्र पालटतं. दोन घरांत एक गाडी ही मला सगळ्यात शहाणी वाट वाटते, फक्त आरसी कुणाच्या नावावर आणि विमा कोण भरणार हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.

परवाना (गाडीचं परमिट) आणि चालवणाऱ्याच्या लायसनचं थोडक्यात. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही, त्याच्यावर लागतो, आणि तशा गाडीनं इंडी, विजयपूर किंवा कलबुर्गीकडं जायचं तर राष्ट्रीय परवाना बघावा लागतो. शनिवार-रविवारच्या माणसानं शक्यतो ३,००० च्या आतच राहावं, एक कागद कमी होतो. लायसन नेहमीचं हलक्या वाहनाचं चालतं. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळ्या नोंदीची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे.

पायरी ३: डिझेल, पेट्रोल की सीएनजी

रोज दीडशे किलोमीटर पळणाऱ्या गाडीला डिझेलच हवं. आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर पळणाऱ्या गाडीचा विचार वेगळा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो स्वतःला साफ करायला इंजिन चांगलं तापून काही वेळ एका वेगानं चालावं लागतं. घरातून मार्केट यार्ड, तिथून परत, असं दोन-चार किलोमीटर चालवून बंद केली की काजळी साचत जाते, दिवा लागतो आणि गाडी ओढ सोडते. दर रविवारी हायवेनं मोहोळ-टेंभुर्णीकडं किंवा तुळजापूरकडं जाणाऱ्याला ही अडचण येणार नाही. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला नक्की येईल.

म्हणून पाऊण टनाच्या आत काम भागत असेल आणि फेऱ्या जवळच्या असतील, तर माझं मत पेट्रोलला. किंमत कमी, देखभाल सोपी, उभी राहिली तरी कुरकुर कमी. सीएनजी रोज चालवणाऱ्याचे पैसे वाचवते. तुमच्या शेताच्या वाटेवर पंप आहे का आणि रविवारी तिथं रांग किती असते, ते आधी जाऊन बघा. दीड टन वाहायचं असेल तर मी डिझेलच घ्या म्हणेन.

पायरी ४: नवी की जुनी

नव्या गाडीच्या बाजूनं अलीकडं एक मोठी गोष्ट घडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जून २०२५ मध्ये टाटा एस प्रो आली तेव्हाच तिची सुरुवातीची शोरूम किंमत ३.९९ लाख होती, साडेसातशे किलोची गाडी. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली महिंद्रा वीरो ७.९९ लाखांपासून सुरू झाली होती. हे आकडे त्या-त्या दिवशीचे, आजचा भाव शोरूममध्ये लेखी घ्या. लहान गाडी हवी असेल तर चार-पाच वर्षं जुनी, रोज राबलेली गाडी आणि कोरी गाडी यांच्या किमतीत आता फार अंतर राहिलेलं नाही. लहान गाडीत मी नवीच घ्या म्हणेन.

मोठ्या पिकअपचं तसं नाही. तिथं नव्या-जुन्यातलं अंतर लाखांत आहे, आणि नवीच्या वॉरंटीचा तुम्हाला पूर्ण फायदाही मिळत नाही. वॉरंटी वर्षं आणि किलोमीटर अशा दोन हिशेबांत असते. रोजचा गाडीवाला किलोमीटर संपवतो, तुमची वर्षं संपतात, गाडी मात्र जेमतेम चाललेली असते. त्यामुळं बोलेरो, दोस्त किंवा इंट्राच्या वर्गात तीन ते सहा वर्षांची, नीट पारखलेली जुनी गाडी शनिवार-रविवारच्या कामाला उत्तम. सहाच का? नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस पहिल्यांदा दोन वर्षांचं असतं, पुढं आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि आठनंतर दर वर्षी. आठ ओलांडलेली गाडी घेतलीत तर दर वर्षी आरटीओची एक सुट्टी धरून चाला. पंधरा वर्षांच्या जवळची गाडी कितीही स्वस्त असली तरी नको, पुढं फिटनेसची फी अंगावर येते.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नोंदणीवर, मिळते म्हणून काहीजण विचारतात. सुंदर गाड्या आहेत. पण त्या किमतीत दोन पिकअप येतात, आणि त्यांच्या हौद्यात खताच्या गोण्या टाकायला तुमचा हात होणार नाही.

पायरी ५: जुनी गाडी बघताना आधी विचारा, तिनं वाहिलं काय

जुन्या गाडीकडं लोक जातात आणि पहिल्यांदा किलोमीटर बघतात. किलोमीटर मागं फिरवता येतात. काय वाहिलं ते लपवता येत नाही, ते गाडीच्या अंगावर लिहिलेलं असतं.

वाळू किंवा खडी वाहिलेली गाडी सगळ्यात वाईट. टॉर्च घेऊन हौद्याच्या कोपऱ्यांत, फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) बिजागरीत, चासीच्या वरच्या खाचेत बघा. कितीही धुतली तरी तिथं वाळूचे कण सापडतात. अशी गाडी जवळजवळ नेहमी दुप्पट भरून पळालेली असते. उजनीचा मासा वाहिलेली गाडी दिसायला चकचकीत असते, पण बर्फाचं आणि माशाचं पाणी वर्षानुवर्षं चासीवर ठिबकलेलं असतं. खालून पत्रा बोटानं दाबला तर पापुद्रा सुटतो. खत आणि जनावरं वाहिलेल्या गाडीची तीच गत, तिथं हौद्याचा तळ आधी जातो. पाण्याचे जार घरोघर पोचवणाऱ्या गाडीचं इंजिन बरं असू शकतं, पण दर पन्नास मीटरला थांबून-सुटून क्लच आणि सेल्फ संपलेले असतात, तेवढे पैसे कमी करून मागा.

चांगली कुठली? बिस्किटं, औषधं, कापड असा हलका माल ठरलेल्या रस्त्यावर वाहणारी. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कारखान्यांचा माल नेणाऱ्या गाड्या असतात. गठ्ठे मोठे दिसतात पण लोखंड-सिमेंटइतका भार पडत नाही. आणि शेतकऱ्याची स्वतःच्या वापराची गाडी, जर त्यानं उसाच्या मोळ्या आणि कांदा एकाच दमात कोंबला नसेल तर.

पायरी ६: पारख, खालून वर

सकाळी लवकर जा, आणि गाडी आधी चालू करून ठेवू नका असं मालकाला आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं आहे, दुसऱ्या दिवशी परत या.

इंजिनकडं नंतर. आधी गाडीखाली जा. चासी म्हणजे गाडीचा कणा. इंजिन बांधून घेता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, वाकलेली किंवा तडकलेली चासी पुन्हा पूर्ण बरी होत नाही. केबिनच्या मागं जिथं हौदा सुरू होतो तिथं आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ तडे आधी येतात. तिथं वेल्डिंग दिसलं, वरून पट्टी मारलेली दिसली, किंवा बाकी चासी जुनी आणि तेवढाच भाग ताज्या काळ्या रंगानं रंगवलेला दिसला, की तिथूनच नमस्कार करा. पाटे मोजा आणि दुसऱ्या तशाच गाडीशी ताडून बघा. जादा पाटा घातलेला असेल तर ही गाडी ओव्हरलोडसाठी तयार केलेली होती. यू-बोल्ट, पाट्यांच्या बुशा, मागच्या धुऱ्याची तेलगळ बघा. मग दहा पावलं मागं जाऊन सपाट जागेवर गाडी एका बाजूला झुकली आहे का ते बघा.

आता इंजिन. थंड असताना एका सेल्फला सुटलं पाहिजे. पहिल्या क्षणाचा थोडा धूर चालतो. निळा धूर राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनवर काढून बघा. तिथून भसाभसा वाफा आल्या तर, मेस्त्रींच्या भाषेत, इंजिन बॅक मारतंय, रिंगा गेल्या. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नको.

चालवून बघताना रिकामी चालवू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. रिकामी पिकअप कुणाचीही छान पळते. ओळखीच्या दुकानातून दहा सिमेंटच्या गोण्या टाका, मालकाला शेजारी बसवा आणि तुळजापूर रोडला लागा. घाटापर्यंत नेऊ दिली तर फार उत्तम. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ओढ कशी आहे, क्लच घसरतो का, मागून क्राउन-पिनियनचा (मागच्या धुऱ्यातल्या गिअरचा) हुंकार येतो का, उतारावर ब्रेक लावल्यावर गाडी बाजूला ओढते का, हे सगळं भारानंच कळतं. परत आल्यावर तापमानाचा काटा बघा. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात बघत असाल तर रेडिएटरची परीक्षा आपोआप होते.

टायरची नुसती नक्षी बघू नका. बाजूला चार अंकी तारीख असते, पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. तुमच्या वापरात टायर झिजण्याआधी उन्हानं कडक होऊन तडकणार आहेत. पाच वर्षं झालेल्या टायरचे पैसे भावातून वजा करा. रिमोल्ड (झिजल्यावर नवं रबर चढवलेले) टायर पुढच्या चाकांना असतील तर घेतल्या दिवशी बदला.

हे सगळं स्वतःला जमत नसेल तर मेस्त्रीला पैसे देऊन घेऊन जा. मेस्त्री तुमचा असावा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

पायरी ७: कागद जुळल्याशिवाय इसार देऊ नका

आरसीवरचा चासी नंबर प्रत्यक्ष चासीवर जाऊन अंकानं अंक जुळवा, पेन्सिल घासून ठसा घ्या. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा आणि बोजा (गाडीवरचं कर्ज) आहे का ते दिसतं. ई-चलन किती थकलंय ते वेगळं बघा. मालवाहू गाडीवर हजारोंची चलनं साठलेली असू शकतात, आणि ती व्यवहाराआधी विकणाऱ्यानं भरायची असतात. कर्ज फिटलं असेल तर फायनान्स कंपनीचं ना हरकत पत्र आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा नमुना ३५ हवा, नुसतं तोंडी ‘फिटलंय हो’ चालत नाही. मालकी बदलायला नमुना २९ आणि ३०. अर्ज ३० दिवसांत गेला पाहिजे, आणि विमा नावावर करून घ्यायला १४ दिवस. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा.

एमएच १३ आणि अकलूजची एमएच ४५ या आपल्या घरच्या पाट्या. सोलापूर सीमेवर असल्यानं केए २८ आणि केए ३२ च्या गाड्याही इथं विकायला येतात, आणि त्या स्वस्त वाटतात. त्यांना कर्नाटकातल्या आरटीओचं ना हरकत पत्र लागतं, इथं नव्यानं नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर लागतो. हा खर्च आणि चकरा धरूनही स्वस्त पडत असेल तरच बघा, आणि ना हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नोटरीच्या कागदावर गाडी घ्यायची आणि नाव ‘नंतर बघू’ म्हणायचं, हा प्रकार ग्रामीण भागात फार आहे. अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, त्याला मालक धरलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं. विकणाऱ्यालाही हे समजावून सांगा. मग नाव बदलायची घाई तोच करेल.

पायरी ८: घेतल्यानंतरचा पहिला महिना

जुन्या मालकाचा फास्टॅग बंद करायला लावा आणि आपल्या नावाचा, गाडीच्या योग्य वर्गाचा नवा घ्या. कारसाठी निघालेला टोलचा वार्षिक पास मालवाहू गाडीला चालत नाही, त्यामुळे मोहोळकडं जाताना सावळेश्वरचा टोल दर फेरीच्या खर्चात धरा. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि कूलंट, मागचं कधी बदललं हे कुणी काहीही सांगो, नव्यानं बदला.

गाडी लिंबाखाली किंवा पत्र्याखाली उभी करा. उन्हात उभी राहिली तर टायर, वायपर, होज पाइप सगळं वेळेआधी जातं. बुधवारी-गुरुवारी एकदा वीस-पंचवीस मिनिटं बाहेर काढा, जागेवर नुसतं चालू ठेवून उपयोग नाही. बॅटरी त्यानंच जगते आणि डीपीएफही.

पाऊस सुरू झाला की काळ्या रानात गाडी घालू नका. बहुतेक पिकअपना ओढ मागच्या चाकांना असते. रिकाम्या गाडीत मागं वजन नसतं, चाकं जागेवर फिरतात आणि पाणंद रस्त्यावर तुम्ही ट्रॅक्टरची वाट बघत बसता. बांधापाशी पक्क्या जागेवर थांबा आणि माल तिथवर आणा. भरताना जड गोण्या केबिनच्या बाजूला, मागच्या धुऱ्याच्या पुढं येतील अशा रचा. फाळक्यापाशी वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. भार टाकण्याआधी मागच्या टायरची हवा दारावरच्या पट्टीत भरल्या गाडीसाठी लिहिलेल्या आकड्याला न्या, आणि पहिले दहा किलोमीटर झाले की थांबून दोर पुन्हा आवळा, कारण कांद्याच्या गोण्या हलल्या की दबतात आणि पहिली गाठ सैल पडते.

मागं हौद्यात माणसं बसवू नका. खुरपणीच्या बायका असोत नाहीतर पंढरपूरला निघालेली घरची माणसं, त्यांच्यासाठी जीप सांगा. हौद्यात बसलेल्या प्रवाशाला या गाडीचा विमा लागू होत नाही.